चार, पाच, सात, आठ

एक ते दहा आकडे सावकाश म्हणून बघा आणि प्रत्येक आकड्यातला फक्त स्वर कानात धरा. चार, पाच, सात, आठ. चारही ठिकाणी तोच ‘आ’ आहे. त्या ‘आ’च्या अलीकडे-पलीकडे जी इवलीशी व्यंजनं आहेत, तेवढ्या आधारावर आपण हे आकडे वेगळे ओळखतो. व्यंजनं पुसली गेली तर चारांचा मिळून एकच आकडा उरतो.

माझ्या बाबांचं असं झालं होतं आणि घरातल्या कुणालाही ते कित्येक वर्षं कळलं नाही. गोळी सातला घ्यायची सांगितली की ते आठला घ्यायचे. फोन नंबर उतरवून घेतला की एखादा आकडा हमखास चुकायचा. आई म्हणायची, ‘ह्यांना सोयीचं तेवढं बरोबर ऐकू येतं.’ तिचंही खोटं नव्हतं, कारण गल्लीतून ट्रक गेला किंवा कुणी दार आपटलं, तर बाबांना ते पहिल्यांदा कळायचं. मग आपलं बोलणंच नेमकं का कळत नाही? यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं, ‘ऐकू येतंय गं, पण कळंना.’

आम्हाला ती सबब वाटायची. पण ते वाक्य अक्षरशः खरं होतं. ते कसं खरं असू शकतं हे समजायला कानाच्या आत शिरावं लागतं.

बाहेरून दिसणारा कान आणि त्यातली सुमारे अडीच सेंटिमीटरची नळी, इथवर सगळं सोपं आहे. आवाज म्हणजे हवेची थरथर. ती नळीतून आत जाते आणि कानाच्या पडद्यावर आपटते. खरी अडचण पडद्याच्या पलीकडे आहे. ऐकण्याचं मुख्य यंत्र द्रवात बुडालेलं असतं आणि हवेतला आवाज सहजासहजी पाण्यात शिरत नाही. विहिरीत बुडी मारल्यावर काठावरच्या माणसाचं बोलणं कसं लांब जातं, ते आठवा. हवेतून पाण्यावर आदळणाऱ्या आवाजाची हजारातली ९९९ भाग ऊर्जा परत फिरते. यावर उपाय म्हणून मधल्या कानात तीन चिमुकली हाडं आहेत: हातोडा, ऐरण आणि रिकीब. रिकीब जेमतेम तीन मिलिमीटरची, आपल्या शरीरातलं सगळ्यात लहान हाड. पडद्यावर पडलेला सगळा जोर ही हाडं पडद्याच्या सतराव्या हिश्शाएवढ्या, आतल्या कानाच्या छोट्या खिडकीवर आणून लावतात. बोटाने दाबलं तर भिंतीला काही होत नाही, पण त्याच जोराने टाचणी रुतते, तसं हे आहे. हाडांच्या तरफेचा थोडा फायदा धरला तर दाब वीस-बावीस पट वाढतो आणि आवाज द्रवात उतरतो.

आता आतला कान. गोगलगायीच्या शंखासारखी अडीच वेढ्यांची नळी असते. उलगडली तर साधारण ३५ मिलिमीटर भरेल. तिच्या लांबीभर एक पट्टी ताणलेली आहे. खिडकीजवळ ती अरुंद आणि ताठ, तर शंखाच्या टोकाकडे रुंद आणि सैल. त्यामुळे प्रत्येक सुराला इथे ठरलेली जागा मिळते. बारीक, टिपेचे आवाज तोंडाशीच पट्टी हलवतात आणि खर्जाचे आवाज टोकापर्यंत जाऊन तिथली. पेटीत सूर ओळीने मांडलेले असतात तसेच इथे आहेत, फक्त ती पेटी गुंडाळून वाटाण्याएवढी केली आहे. ही गोष्ट उलगडली गेओर्ग फॉन बेकेशी यांनी. बुडापेस्टच्या टेलिफोन प्रयोगशाळेत काम करणारा हा माणूस, चांगला टेलिफोन बनवायचा तर आधी कान समजून घ्यायला हवा म्हणून कानाकडे वळला आणि पुढे १९६१चं वैद्यकाचं नोबेल त्यांना मिळालं.

पट्टीवर पेशींच्या चार रांगा आहेत. प्रत्येक पेशीच्या माथ्यावर सूक्ष्म केसांचा झुबका, म्हणून त्यांना केसपेशी म्हणतात. पट्टी हलली की हे केस कलतात, पेशीत विद्युतभारित कण घुसतात आणि मज्जातंतूकडे निरोप निघतो. आतल्या रांगेत सुमारे ३,५०० पेशी, बाहेरच्या तीन रांगांत मिळून १२,००० च्या आसपास. एका कानाची सगळी पुंजी एवढीच. डोळ्याच्या पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या पेशी दहा कोटींहून जास्त असतात, त्यापुढे ही संख्या पाहिली की मला दर वेळी धसका बसतो. कारण या पेशी जन्माआधी तयार होतात आणि गेल्या की पुन्हा उगवत नाहीत. कोंबडीच्या कानातल्या केसपेशी मेल्या तर काही आठवड्यांत नव्या येतात. माणसाला ती सोय नाही.

बाहेरच्या तीन रांगांबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण बाबांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे आहे. या पेशी ऐकण्याचं काम फारसं करतच नाहीत. त्या नाचतात. आवाजाच्या तालावर सेकंदाला हजारो वेळा आखूड-लांब होऊन त्या पट्टीला झोके देतात, झोपाळ्याला आपण योग्य क्षणी रेटा देतो तसे. त्यामुळे हळू आवाज कानाच्या आतच कितीतरी वाढतो. मोठ्या आवाजाला मात्र त्या असा रेटा देत नाहीत, त्याला गरजही नसते. या नाचाचा बारीकसा आवाज कानातून बाहेरही येतो! १९७८ मध्ये डेव्हिड केम्प या ब्रिटिश शास्त्रज्ञाने तो पहिल्यांदा नोंदवला. आज प्रसूतिगृहात झोपलेल्या बाळाच्या कानात छोटी नळी ठेवून जी तपासणी करतात, त्यात हाच परत येणारा आवाज ऐकतात. बाळाला काही सांगावं लागत नाही, त्याचा कानच उत्तर देतो.

माणसाचा कान झिजतो तेव्हा सगळ्यात आधी झिजतात त्या बाहेरच्या रांगेतल्या पेशी आणि त्यांतही शंखाच्या तोंडाशी असलेल्या. घराचा उंबरठा आधी झिजतो तसं. तोंडाशी कोणते सूर होते? टिपेचे, बारीक.

बाबांनी इचलकरंजीत तीस वर्षं यंत्रमागावर काम केलं. धोट्याचे साधे माग, शेडमध्ये एकाला लागून एक, बारा तासांची पाळी. अशा शेडमधला आवाज १०० डेसिबलच्या आसपास असतो. डेसिबलचा आकडा फसवा आहे. तो दहाने वाढला की आवाजाची ऊर्जा दहापट होते आणि तीनने वाढला की दुप्पट. ८५ डेसिबलमध्ये आठ तास, ८८ मध्ये चार, ९१ मध्ये दोन असा हिशेब करत गेलं तर १०० डेसिबलमध्ये कानाला दिवसाकाठी पंधरा मिनिटं झेपतात. बाबा बारा तास उभे असायचे, कानात काही न घालता. आवाजाने येणारं बहिरेपण हे आपल्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदलेलं होतं. पण हात कापला तर रक्त दिसतं, केसपेशी मेली तर काहीच दिसत नाही आणि दुखतही नाही. सुट्टीच्या दिवशी कान गच्च वाटायचे, सूं सूं आवाज यायचा, तेवढंच. ‘मागाचं कान’ म्हणायचे सगळे, जणू ते पगाराबरोबर मिळतंच.

हीच काळजी मला मिरवणुकीतल्या मुलांबद्दल वाटते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. स्पीकरच्या भिंतीपुढे नाचणारं पोर तिच्या कैक पट आवाजात तासन् तास असतं. ढोल-ताशा पथकात उतरणाऱ्यांनी तरी फोमचे इअरप्लग घालावेत. काही रुपयांना जोडी मिळते. ताल बुडत नाही, छातीला ढोल तसाच जाणवतो.

आता पुन्हा आकड्यांकडे. बोलण्यातला जोर स्वरांमध्ये असतो. आ, ओ, ऊ हे खालच्या सुरांत, बहुतांशी १,००० हर्ट्झच्या आतबाहेर वाजतात. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती थरथरी. अर्थ मात्र व्यंजनं वाहतात आणि त्यांतली बरीच वरच्या सुरांत, अगदी दबक्या आवाजात असतात. ‘स’ची सळसळ ४,००० हर्ट्झच्या वर. ‘श’ त्याच्या जरा खाली. फ, थ, ठ, ख यांच्यातला श्वासाचा फुत्कार तर जेमतेम असतो, पण पळ आणि फळ, तर आणि थर, काल आणि खाल यांतला फरक तेवढ्या फुत्कारावरच उभा आहे. शब्दाच्या शेवटचा ‘स’ही असाच निसटतो. ‘केलं का?’ आणि ‘केलंस का?’ एकच होऊन जातं. तोंडाशी झिजलेल्या कानात ‘सात’ शिरला की ‘स’ गळतो, ‘त’ पुसट होतो आणि राहतो ‘आ’. ‘आठ’चंही तेच होतं. आवाज पोचतो, पुरेसा मोठा पोचतो. शब्द पोचत नाही. ऐकू येतंय, पण कळंना.

याचा थोडा अनुभव आपण सगळ्यांनी घेतला आहे. जुन्या टेलिफोनवरून फक्त ३०० ते ३,४०० हर्ट्झपर्यंतचेच सूर जायचे, म्हणजे ‘स’चा मोठा हिस्सा तारेत शिरतच नव्हता. म्हणून तर नाव सांगताना ‘स समईतला, फ फणसातला’ अशी फोड करावी लागायची. बाबा चोवीस तास त्या फोनवर होते.

मग मोठ्याने बोललं तर? घरोघरी होतो तो संवाद आमच्याकडेही रोज व्हायचा. बाबा म्हणायचे, ‘जरा मोठ्यानं बोल की.’ मी आवाज चढवायचे, तर लगेच, ‘वरडतीस कशाला? बहिरा नाही मी.’ मला राग यायचा. पण नाचणाऱ्या पेशी आठवल्या की दोन्ही वाक्यं खरी ठरतात. त्या पेशी हळू आवाजालाच रेटा देत होत्या. त्या गेल्या म्हणून हळू बोलणं संपलं, पण मोठा आवाज बाबांना आमच्याइतकाच मोठा लागायचा. ‘ऐकू येत नाही’ आणि ‘सहन होत नाही’ यांच्यात आपल्याला ऐसपैस जागा असते, त्यांच्याकडे चिंचोळी पट्टी उरली होती. शिवाय आपण ओरडतो तेव्हा वाढतात ते स्वर. ‘स’ ओरडता येत नाही, करून बघा. ओरडून आम्ही त्यांना आणखी मोठा ‘आ’ देत होतो.

आमच्या लक्षात आलं ते २०२० मध्ये, मास्क आल्यावर. बाबांचं ऐकणं एका महिन्यात गेल्यासारखं झालं. दुकानदाराचं कळेना, बँकेत कळेना. मास्कमुळे वरचे सूर थोडे अडतात हे खरंच, पण मोठं कारण वेगळं होतं. इतकी वर्षं ते ओठ वाचत होते. त्यांना स्वतःलाही ते माहीत नव्हतं. मागाच्या खडखडाटात शेजारच्याशी बोलायचं तर ओठ आणि हातच लागतात, ती सवय घरीही चालू होती. मी स्वयंपाकघरातून पाठमोरी बोलले की ‘ऐकत नाहीत’ आणि ताटावर समोर बसले की ‘ऐकतात’, याचा उलगडा तेव्हा झाला.

मराठीत ‘ऐकणे’ म्हणजे कानाने टिपणे आणि ‘ऐकणे’ म्हणजे सांगितल्याप्रमाणे वागणेही. ‘बाबा ऐकतच नाहीत’ हे वाक्य आम्ही कितीदा बोललो आणि दर वेळी दुसरा अर्थ धरला. हट्टी, एककल्ली, आता वयापरत्वे असंच, असं म्हणत गेलो. एका शब्दाने आमचा असा घात केला, हे मला अजून बोचतं.

तपासणीच्या बंद खोलीत बाबांना हेडफोन लावून बसवलं. बारीक ‘टीं’ ऐकू आली की बटण दाबायचं. निकाल एका आलेखात येतो. उजव्या कानाला लाल गोल, डाव्याला निळी फुली, आणि रेघ जितकी खाली तितकं ऐकणं कमी. बाबांची रेघ १,००० हर्ट्झपर्यंत पठारासारखी गेली आणि तिथून सह्याद्रीचा कडा कोसळावा तशी थेट खाली. मी काचेच्या अलीकडून बघत होते. कित्येकदा हेडफोनमध्ये ‘टीं’ वाजत होती आणि ते हसऱ्या चेहऱ्याने, बोट बटणावर ठेवून, वाट बघत बसले होते.

श्रवणयंत्र चष्म्यासारखं काम करेल अशी बहुतेकांची समजूत असते आणि म्हणूनच अनेक यंत्रं कपाटात पडून राहतात. चष्मा लावला की लगेच दिसतं. यंत्र मात्र मेंदूला जे आवाज वर्षानुवर्षं मिळालेच नाहीत ते एकदम आणून टाकतं. पहिल्या आठवड्यात बाबांना वर्तमानपत्राची सळसळ, ताटवाट्या, नळ, स्वतःचं चावणं, सगळंच नकोसं झालं. दिवसातून दोन तासांपासून सुरुवात करून, हळूहळू वाढवत, महिना-दीड महिन्यात ते जमलं. मधल्या काळात यंत्राचा आवाज तीनदा जुळवून घ्यावा लागला आणि ते नेहमीचंच आहे. यंत्र फक्त आवाज वाढवत नाही, आलेख बघून जिथे कडा कोसळला तिथलेच सूर उचलतं. म्हणून तपासणी न करता परस्पर आणलेलं मशीन बहुधा त्रासच देतं. पावसाळ्यात रात्री ते सुकवणीच्या डबीत ठेवावं, दमटपणा त्याचा मोठा शत्रू आहे.

कानाच्या डॉक्टरांकडे जाण्याआधी घरगुती उपाय नकोत. कानातला मळ आपोआप बाहेर सरकतो. पिन, काडी किंवा इअरबडने तो आत ठोकला जातो. गरम तेलाचा तर नादच नको. आणि एक गोष्ट मनावर कोरून ठेवा: एका कानाचं ऐकणं अचानक, दिवस-दोन दिवसांत गेलं, तर ती तातडीची बाब आहे. सर्दी असेल म्हणून आठवडा घालवू नका. पहिल्या काही दिवसांत सुरू केलेल्या औषधांनी ऐकणं परत येण्याची शक्यता जास्त असते.

यंत्र आलं तरी गर्दीत अडचण राहते. गोंगाटातून एकच आवाज वेचणं हे काम मेंदूचं. उजवीकडचा आवाज उजव्या कानाला डाव्याच्या आधी पोचतो, फरक जास्तीत जास्त सेकंदाच्या दीड हजाराव्या भागाएवढा. तेवढ्यावर मेंदू ताडतो की कोण कुठून बोलतंय आणि बाकीचं मागे सारतो. दोन्ही कानांकडून तुटकं सामान येऊ लागलं की हे वेचणं कठीण होतं. गळलेली व्यंजनं मेंदू संदर्भावरून भरून काढत राहतो, आणि त्यात माणूस दमतो. अर्धा तास पाहुण्यांत बसल्यावर बाबा उठून अंगणात जायचे, ते याच थकव्याने. हळूहळू माणूस बोलणंच कमी करतो. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ गटाने स्मृतिभ्रंशाच्या ज्या कारणांवर काही करता येण्यासारखं आहे, त्यांत कमी ऐकू येण्याचा समावेश केला आहे, तो अशासाठीच मोलाचा वाटतो.

आमच्या बोलण्यात आम्ही बदल केले. आधी हाक मारायची, त्यांनी बघितलं की मग बोलायचं. तोंडावर उजेड हवा, पाठीमागे खिडकी नको. टीव्ही बंद. आवाज नेहमीचा, वेग थोडा कमी, वाक्य संपलं की क्षणभर थांबायचं, कारण त्या क्षणात ते मागचं जुळवत असतात. नाही कळलं तर तेच वाक्य पुन्हा न आदळता दुसऱ्या शब्दांत सांगायचं. ‘सात वाजता’ कळलं नाही तर ‘दिवेलागणीला’. ‘जाऊ दे, काही नाही’ हे वाक्य घरात बंद केलं. ऐकू न येणाऱ्याला ते फार लागतं. ‘ऐकून घेणे’ या शब्दातलं ‘घेणे’ मला आता कळतं, घेणाऱ्याचा हात कुठवर पोचतो ते बघूनच द्यावं लागतं.

मागच्या वैशाखात इचलकरंजीतल्या एका लग्नाला गेलो होतो. मंगल कार्यालयात बँडचं पथक दारात, आत स्पीकर, पंगतीत स्टीलच्या ताटांचा खणखणाट. एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन आम्ही ओरडत होतो आणि तरी अर्धं कळत नव्हतं. समोरच्या पंगतीत, वीसेक फुटांवर, बाबांचे मागावरचे एक जुने मित्र बसले होते. बाबांनी यंत्र काढून खिशात ठेवलं. मग दोघांची बोटं हलू लागली, ओठ आवाजाशिवाय मोठे मोठे उघडू लागले. धागा तुटला, सुताचं बीम संपलं, मालक आला, यासाठी शेडमध्ये ज्या खुणा होत्या त्यांच्यातूनच ते बोलत होते. मित्राने चार बोटं वर केली, मग हात कमरेएवढा धरला. बाबा माझ्याकडे वळून नेहमीच्या आवाजात म्हणाले, ‘त्याला चार नातवंडं झाली.’